गंजाखाली दडलेला क्रमांक

महायुद्धातील विमानांवरच्या मशीनगन जमवून त्या पूर्वस्थितीत आणणारे संग्राहक अनेक देशांत आहेत. हा छंद खर्चिक, किचकट आणि कायद्याने जखडलेला आहे. त्यातला सर्वांत अवघड प्रश्न मात्र हत्यारांनी सुटणारा नाही. जुन्या शस्त्रातले नेमके काय जपायचे, हा तो प्रश्न!

आयर्लंड बेटाच्या वायव्येला डोनेगल हा परगणा आहे. उघडे डोंगर, बारमाही पाऊस आणि हजारो वर्षे साचलेल्या कुजक्या वनस्पतींची काळी दलदल ही त्या प्रदेशाची ओळख. ‘पीट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दलदलीत ३० नोव्हेंबर १९४१ रोजी ब्रिटिश हवाई दलाचे ‘पी ८०७४’ क्रमांकाचे स्पिटफायर विमान कोसळले. इंजिन बेसुमार तापल्याने वैमानिक रोलंड वुल्फ यांनी हवाई छत्रीच्या साहाय्याने आधीच उडी घेतली होती. वैमानिकाविना राहिलेले विमान मऊ जमिनीत खोलवर घुसले आणि वर पाणी व चिखल जमून दिसेनासे झाले.

वुल्फ मूळचे अमेरिकेतील नेब्रास्काचे. अमेरिका युद्धात उतरण्यापूर्वीच ब्रिटनच्या बाजूने लढायला आलेल्या स्वयंसेवकांच्या ‘ईगल’ तुकड्यांपैकी १३३व्या स्क्वाड्रनमध्ये ते होते. आयर्लंड युद्धात तटस्थ असल्याने त्यांना करागच्या छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. तेथून निसटून ते ब्रिटिश हद्दीतील बेलफास्टपर्यंत पोहोचलेही. पण तटस्थ शेजाऱ्याशी वितुष्ट नको म्हणून ब्रिटिशांनीच त्यांची पुन्हा छावणीत रवानगी केली. अखेर १९४३ मध्ये त्यांची सुटका झाली. १९९४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हाही त्यांचे विमान दलदलीच्या पोटातच होते.

ते वर आले जून २०११ मध्ये. रीतसर परवानगी घेऊन झालेल्या उत्खननात इंजिन, वुल्फ यांची शिरस्त्राण-टोपी, सहा ब्राउनिंग मशीनगन आणि सुमारे एक हजार काडतुसे हाती लागली. जिवंत दारूगोळ्याचा धोका लक्षात घेऊन आयरिश लष्कराचे बॉम्बनाशक पथक तेथे हजर होते. मशीनगन ॲथलोन येथील लष्करी बराकीत नेण्यात आल्या. तेथील शस्त्रतज्ज्ञांनी त्या सुट्या केल्या, चिखल व गंज काढला, वाकलेले भाग सरळ केले आणि सुस्थितीतील भाग निवडून एक मशीनगन जुळवली. मग चांदमारीच्या मैदानावर नेऊन तिचा चाप ओढण्यात आला. सत्तर वर्षे जमिनीखाली राहिलेली ती मशीनगन विनातक्रार चालली!

त्यानंतर या मशीनगन निकामी करून उत्तर आयर्लंडमधील डेरी शहराच्या टॉवर संग्रहालयाकडे सोपवण्यात आल्या. वृत्तपत्रांनी गोळ्या झाडल्याची बातमी मोठी केली आणि ते साहजिकच होते. जुन्या विमानशस्त्रांच्या जगात वावरणाऱ्यांपुढे मात्र या घटनेने एक जुनाच प्रश्न पुन्हा उभा केला. अशी वस्तू हाती आली, तर ती चालू करायची, चकचकीत करायची, की जशी सापडली तशीच ठेवायची?

विमानावरची मशीनगन वेगळी का?

हा प्रश्न समजण्यासाठी विमानावरची मशीनगन आणि पायदळाची मशीनगन यांतला फरक पाहायला हवा. जमिनीवरच्या शस्त्राला वजनाची फारशी अडचण नसते. जवान त्याच्या शेजारी बसलेला असतो. काडतूस अडकले तर तो हाताने काढतो. विमानात यातले काहीच शक्य नसते. स्पिटफायरच्या मशीनगन पंखांच्या आत बसवलेल्या होत्या. वैमानिक त्यांना हात लावू शकत नव्हता. तो दांड्यावरची कळ दाबे आणि दाबलेल्या हवेच्या जोरावर चाप ओढला जाई. अडकलेली मशीनगन उड्डाण संपेपर्यंत अडकलेलीच राही.

दुसरी अडचण वेळेची. आकाशात शत्रूचे विमान नेमात सापडते ते एक-दोन सेकंद. तेवढ्या वेळात पुरेशा गोळ्या सुटायच्या, तर शस्त्र विलक्षण वेगवान हवे. स्पिटफायरवरची ब्राउनिंग मिनिटाला सुमारे १,१५० गोळ्या झाडत असे, म्हणजे सेकंदाला एकोणीस. अशा आठ मशीनगन एकाच वेळी चालत, तेव्हा सेकंदाला दीडशेच्या आसपास गोळ्या सुटत. प्रत्येक मशीनगनजवळ साधारण तीनशे काडतुसांचा पट्टा असे. त्यामुळे वैमानिकाजवळचा सारा दारूगोळा जेमतेम पंधरा-सोळा सेकंदांत संपत असे.

ब्राउनिंगचा मूळ आराखडा अमेरिकेचा. ब्रिटनने १९३० च्या दशकात परवाना घेऊन ती बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्यात बनवायला सुरुवात केली. मात्र ब्रिटिशांनी तिच्यात एक महत्त्वाचा बदल केला. मूळ यंत्रणेत गोळीबार थांबल्यावर पुढचे काडतूस तापलेल्या नळीत तसेच बसून राही. ब्रिटिश काडतुसांतील कॉर्डाइट दारू त्या उष्णतेने आपोआप पेट घेण्याची भीती होती. म्हणून गोळीबार थांबताच बोल्ट मागेच अडून राहील आणि नळी रिकामी राहून थंड होईल, अशी रचना करण्यात आली. हा बदल डोळ्यांना सहज दिसत नाही. पण अमेरिकी आणि ब्रिटिश भागांची सरमिसळ करून ‘अस्सल’ म्हणून विकली जाणारी मशीनगन ओळखण्याची ती खूण आहे.

तापण्याचा प्रश्न असा, तर गोठण्याचा त्याहून बिकट. वीस-पंचवीस हजार फुटांवर वंगण घट्ट होई आणि मशीनगन चालेनाशा होत. उपाय म्हणून इंजिन थंड करणाऱ्या रेडिएटरमधली गरम हवा नळ्यांतून पंखांत फिरवली गेली. पंखांच्या कडेवरची नळ्यांची भोके कापडाच्या लाल चकत्या चिकटवून बंद केली जात. पहिलीच गोळी ती चकती फाडून बाहेर पडे. उतरणाऱ्या विमानाच्या चकत्या फाटलेल्या दिसल्या आणि उघड्या भोकांतून वाऱ्याची शीळ ऐकू आली, की वैमानिकाने लढाई केली हे तळावरच्या कर्मचाऱ्यांना तो खाली उतरण्याआधीच कळे.

प्रत्येक देशाने असे प्रश्न आपापल्या परीने सोडवले. अमेरिकेच्या प्रसिद्ध अर्ध्या इंची ब्राउनिंगचे जमिनीवरचे रूप ३८ किलोच्या घरात जाई. विमानासाठी नळी आखूड व हलकी करून ते वजन २८ किलोंच्या आसपास आणले गेले आणि वेग मात्र मिनिटाला साडेसातशे गोळ्यांच्याही वर नेला गेला. त्याआधी, पहिल्या महायुद्धात, लुईस मशीनगनवरचे हवेने थंड करणारे जाड आवरणच विमानावर अनावश्यक ठरले, कारण उड्डाणातला वारा ते काम फुकट करत होता. आवरण काढलेली, लाकडी दस्त्याऐवजी फावड्यासारखी मूठ असलेली आणि ९७ काडतुसांची चकती घेणारी लुईस ही विमानावरची. पायदळाच्या लुईसचे आवरण नुसते काढून टाकले म्हणजे ती विमानावरची होत नाही, हे नवखे संग्राहक कधी कधी बरेच पैसे मोजल्यावर शिकतात.

चुकीची बसवणी काय करू शकते, याचा धडाही अशाच शस्त्रांत सापडतो. १९४० मध्ये स्पिटफायरच्या पातळ पंखात २० मिलिमीटरची हिस्पानो तोफ मावेना, म्हणून ती आडवी, कुशीवर बसवण्यात आली. उभी बसवावी म्हणून घडवलेल्या यंत्रणेला ते मानवले नाही. १९व्या स्क्वाड्रनच्या वैमानिकांच्या तोफा ऐन लढाईत इतक्या वेळा अडकल्या, की त्यांनी जुनी मशीनगनची विमानेच परत मागून घेतली. पुढे तोफ उभी बसवली गेली आणि तिच्या चकतीसाठी पंखावर फुगवटा ठेवावा लागला. स्पिटफायरच्या पंखावर आजही दिसणारा तो फुगवटा सौंदर्यासाठी नाही. तो एका चुकीचा दाखला आहे.

संग्राहकांच्या हाती काय लागते?

युद्ध संपल्यावर हजारो विमाने भंगारात गेली. जी विकली किंवा दान केली गेली, त्यांच्यावरची शस्त्रे बहुधा आधीच उतरवलेली असत. त्यामुळे आज संग्रहालयांत विमाने दिसतात, उडतानाही दिसतात. पण त्यांच्या पंखांतून डोकावणाऱ्या नळ्या पुष्कळदा लाकडाच्या, राळेच्या किंवा पोकळ पाइपच्या असतात. हवाई प्रदर्शनात आणि चित्रपटांत दिसणारा गोळीबारही बऱ्याचदा प्रोपेन व प्राणवायूच्या मिश्रणाचा नुसता आवाज आणि भडका असतो.

खऱ्या मशीनगन संग्राहकांकडे येतात त्या तीन-चार वाटांनी. काही जुन्या लष्करी साठ्यांतून निकामी करून विकल्या गेलेल्या असतात. काही विमानांच्या काचेच्या मनोऱ्यांसकट भंगारवाल्यांकडे पडून राहिलेल्या असतात. काही तुकड्यांच्या रूपात मिळतात. आणि काही डोनेगलसारख्या अपघातस्थळांवरून वर येतात. यातली शेवटची वाट सर्वांत नाजूक आहे. ब्रिटनमध्ये १९८६ च्या लष्करी अवशेष संरक्षण कायद्यानुसार लष्करी विमान पडलेली जागा संरक्षण मंत्रालयाच्या परवान्याशिवाय खणता येत नाही. जिवंत दारूगोळा हे त्यामागचे एक कारण. त्याच मातीत वैमानिकाचे अवशेष असू शकतात, हे दुसरे आणि अधिक मोठे.

गंजाशी सामना

लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. पीटच्या दलदलीत पाणी मुबलक असले, तरी खोलवर प्राणवायू जवळजवळ नसतो. डोनेगलच्या मशीनगन टिकल्या त्या यामुळे. समुद्रातून वर आलेल्या शस्त्राचे नशीब वेगळे असते. खाऱ्या पाण्यातले क्लोराइड पोलादाच्या सूक्ष्म भेगांत शिरून बसते. असे शस्त्र वर काढून उन्हात वाळवले, की आतले क्षार हवेतल्या ओलाव्याशी पुन्हा कामाला लागतात आणि वरवर धडधाकट दिसणाऱ्या पोलादाचे पापुद्रे काही महिन्यांत सुटू लागतात. म्हणून समुद्रातली वस्तू बाहेर काढल्यावर ओलीच ठेवायची, क्षारीय द्रावणात महिनोन्‌महिने भिजत घालायची, पाणी बदलत राहायचे आणि त्यात उतरणारे क्लोराइड मोजत राहायचे, हा संवर्धनाचा पहिला नियम आहे.

विमानात पोलाद एकटे नसते, ही आणखी एक गुंतागुंत. सांगाडा ॲल्युमिनियमचा, शस्त्र पोलादाचे आणि दोहोंमध्ये खारे पाणी आले की विजेचा घटच तयार होतो. त्यात ॲल्युमिनियम झिजत जाते. एका धातूला मानवणारे द्रावण दुसऱ्याला घातक ठरते. २०१३ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या गुडविन वाळूपट्ट्यातून जर्मन बनावटीचे डॉर्नियर १७ बॉम्बफेकी विमान वर काढण्यात आले, तेव्हा कॉसफर्ड येथे बोगद्यासारख्या तंबूंत ठेवून त्यावर सौम्य सायट्रिक आम्लाचे फवारे सतत मारावे लागले. लिंबात असते तेच हे आम्ल. ते ॲल्युमिनियमवरचे क्षार काढते. पोलादी शस्त्राला मात्र त्यात फार काळ ठेवून चालत नाही. म्हणून अशा अवशेषांतील निरनिराळे धातू आधी वेगळे करावे लागतात.

गंज उतरवण्याची सर्वांत प्रचलित पद्धत विजेची आहे. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात वस्तू बुडवून तिला विजेचे ऋण टोक आणि बाजूच्या लोखंडी पत्र्याला धन टोक जोडले जाते. मंद प्रवाहाने गंज सैल होतो आणि खालचे निकोप पोलाद न खरवडता मोकळे होते. पत्रा स्टेनलेस स्टीलचा वापरू नये, असा इशारा जाणकार देतात. त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. स्प्रिंगसारखे कडक पोलादाचे भाग या टाकीत घालणेही धोक्याचे असते. प्रक्रियेत निघणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि ते काचेसारखे ठिसूळ करतो. वरून नवी दिसणारी स्प्रिंग पहिल्याच ताणाला तुटते.

गंज उतरल्यावर उरलेल्या पातळ थरावर टॅनिक आम्ल लावले जाते. त्याने गंजाचे काळ्या, स्थिर थरात रूपांतर होते. मराठी वाचकाला हे रसायन अनोळखी नाही. सह्याद्रीतल्या हिरड्यात असेच टॅनिन असते आणि हिरडा व लोखंड एकत्र आले की काळी शाई तयार होते, हे जुन्या काळच्या लेखनिकांना ठाऊक होते. शेवटी मेणाचा बारीक थर देऊन हवेतला ओलावा दूर ठेवला जातो.

हे सारे वाचायला सोपे वाटते. प्रत्यक्षात मोह येथेच सुरू होतो. घरातली जुनी तांब्याची नाणी चिंच लावून लख्ख घासणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत. नाणे चमकते, पण त्यावरची अक्षरे बुजतात आणि अभ्यासकाच्या लेखी त्याची किंमत जाते. जुन्या देवळांतल्या कोरीव खांबांना ऑइलपेंट फासण्याच्या हौसेने काय झाले, तेही सर्वांपुढे आहे. विमानशस्त्रांच्या बाबतीत चिंचेची जागा वाळूचा झोत मारणारे यंत्र घेते. दहा मिनिटांत गंज नाहीसा होतो. त्याबरोबर मूळ झिलईचे शेवटचे ठिपके, तपासनिसाचे शिक्के, ब्रिटिश सरकारी मालमत्तेची बाणाची खूण आणि हलक्या ठशातला क्रमांकही पुसट होऊन जातो.

कायद्याची करवत

शस्त्र चालू अवस्थेत ठेवायचे की नाही, हा निर्णय बहुतेक देशांत संग्राहकाच्या हातात नसतोच. अमेरिकेत १९३४ पासून मशीनगनची नोंदणी सक्तीची आहे. १९ मे १९८६ रोजी लागू झालेल्या कायद्याने सामान्य नागरिकांसाठी नव्या मशीनगनची नोंदणी बंद केली. त्यामुळे त्या तारखेपूर्वी नोंदलेल्या मशीनगनच खासगी हातांत फिरू शकतात. त्यांची संख्या वाढत नाही आणि किंमत खाली येत नाही.

ब्राउनिंगच्या बाबतीत कायद्याच्या नजरेत ‘मशीनगन’ म्हणजे तिच्या पेटीची उजवीकडची पोलादी बाजू. ती एक पट्टी नोंदलेली असेल तरच शस्त्र कायदेशीर; बाकी नळी, बोल्ट, झाकण हे सुटे भाग. म्हणून पुष्कळ संग्राहक त्या जागी यंत्रणा बसूच शकणार नाही अशी भरीव, बनावट पट्टी घालून प्रदर्शनापुरती मशीनगन उभी करतात. बाहेरून ती अस्सल दिसते. आतून ती फक्त आकृती असते.

ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यानंतर शस्त्र निकामी करण्याचे अधिकृत निकष ठरले. सुरुवातीच्या निकषांत नळी आणि काडतुसाची जागा कायमची निरुपयोगी केली जाई. पण बोल्ट मागेपुढे सरकत असे आणि यंत्रणा कशी चालते, हे विद्यार्थ्याला दाखवता येई. १९९५ मध्ये नियम कडक झाले, बोल्ट कापले जाऊ लागले. एप्रिल २०१६ पासून लागू झालेल्या युरोपीय नियमांनी आतले बहुतेक भाग जोडकाम करून कायमचे जखडणे बंधनकारक केले. साहजिकच जुन्या निकषांनुसार निकामी केलेल्या मशीनगनना संग्राहकांत अधिक मागणी आहे.

यामागची सरकारची चिंता खोटी म्हणता येत नाही. निकामी म्हणून विकलेली शस्त्रे पुन्हा चालू करून गुन्ह्यांत वापरली गेल्याची उदाहरणे युरोपात घडली आहेत आणि माणसाच्या जिवापुढे संग्रहाचे महत्त्व कमीच. मात्र करवत चालते तेव्हा धोक्याबरोबर माहितीही कापली जाते. कापलेल्या बोल्टवर झिजेच्या खुणा वाचता येत नाहीत. जोडकाम केलेली पेटी उघडून आतला दोष पाहता येत नाही. म्हणूनच जाणते संग्राहक करवतीआधीची काही पावले महत्त्वाची मानतात. प्रत्येक भागाचे छायाचित्र, मोजमाप, झिजेची नोंद आणि प्रत्येक ठशाची नक्कल काढून ठेवणे, हे काम गंज काढण्याइतकेच आवश्यक ठरते.

क्रमांक म्हणजे ओळख

या नोंदींना एवढे महत्त्व का, याचे उत्तर युद्धकाळातल्या एका कोरड्या सरकारी अर्जात आहे. १९४३ पासून अमेरिकी लष्करी हवाई दलाचे विमान बेपत्ता झाले, की एक ठरावीक अहवाल भरावा लागे. त्यात कर्मचाऱ्यांची नावे, शेवटचे ठिकाण आणि हवामान यांच्यासोबत विमानाचा, प्रत्येक इंजिनाचा आणि विमानावरच्या प्रत्येक मशीनगनचा क्रमांक लिहिण्याची जागा होती.

ज्याने हा अर्ज आखला, त्याची दूरदृष्टी पुढे कामी आली. विमान डोंगरावर आपटून जळते, तेव्हा ॲल्युमिनियम वितळते, रंग जातो, शेपटीवरचा क्रमांक नाहीसा होतो. अपघातानंतरच्या दशकांत गावकरी पत्रा काढून नेतात. जाड पोलादाची मशीनगन मात्र आगीतून आणि पावसातून उरते. तिच्या बाजूवरचे पाच-सहा आकडे वाचता आले, तर ते अहवालांशी पडताळता येतात. आकडे जुळले की विमान कळते आणि विमान कळले की त्यात कोण होते, ते कळते. न्यू गिनीच्या जंगलांपासून युरोपच्या शेतांपर्यंत अपघातस्थळांची ओळख पटवताना इंजिनांच्या आणि मशीनगनच्या क्रमांकांचा असा उपयोग झाला आहे.

भारतही या नकाशावर आहे. चीनला रसद पोहोचवणारी अमेरिकी विमाने आसाममधून हिमालयाच्या पूर्व टोकावरून जात. त्या मार्गावर शेकडो विमाने पडली. २५ जानेवारी १९४४ रोजी चीनमधील कुनमिंगहून आसाममधील चाबुआकडे निघालेले ‘हॉट ॲज हेल’ हे बी-२४ लिबरेटर विमान आठ जणांसह नाहीसे झाले. त्याचे अवशेष २००६ मध्ये अरुणाचल प्रदेशातील डोंगरात सापडले. पुढे तेथे मिळालेल्या अवशेषांवरून लेफ्टनंट रॉबर्ट ऑक्सफर्ड यांची ओळख पटली आणि २०१७ मध्ये, म्हणजे त्र्याहत्तर वर्षांनी, जॉर्जिया राज्यातील त्यांच्या गावी त्यांचा दफनविधी झाला.

अशा एखाद्या डोंगरावरची मशीनगन कुणी आठवण म्हणून उचलून नेली, कुठे सापडली ते लिहून ठेवले नाही आणि वाळूच्या झोताने लख्ख केली, तर एखादे कुटुंब वाट पाहत राहते. संग्राहकाच्या दिवाणखान्यातली चमक त्या कुटुंबाच्या उत्तराची किंमत देऊन आलेली असते. गंज हा शस्त्राचा शत्रू खरा. पण घाईने गंज काढणारा हात त्याहून मोठा शत्रू ठरू शकतो.

पुणे आणि गोव्याचा धागा

भारतात खासगी संग्रहाला या बाबतीत जागा नाही. चाप दाबून धरला असता सतत गोळ्या झाडणारे शस्त्र १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार ‘प्रतिबंधित’ वर्गात मोडते. त्यामुळे जुनी विमानशस्त्रे पाहायची तर संग्रहालय हाच मार्ग.

पण दुव्यांची कमतरता नाही. युद्धानंतर कानपूरला सोडून दिलेली लिबरेटर विमाने हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या तंत्रज्ञांनी १९४८ पासून दुरुस्त करून उडती केली आणि भारतीय हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. सागरी टेहळणी करणाऱ्या ६व्या स्क्वाड्रनची लिबरेटर विमाने पुण्याच्या लोहगाव तळावर असत. जगात आज शिल्लक असलेल्या मोजक्या लिबरेटर विमानांपैकी बरीच भारतातून गेलेली आहेत. ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयातले विमान १९७४ मध्ये भारताने भेट दिले. भारतीय तंत्रज्ञांनी ती भंगारातून उभी केली नसती, तर परदेशी संग्रहालयांना जपायला फारसे काही उरले नसते.

गोव्यात दाबोळीजवळच्या नौदल हवाई संग्रहालयात सी हॉक हे विमान ठेवलेले आहे. १९७१ च्या युद्धात ‘विक्रांत’वरून उडून याच जातीच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले चढवले होते. त्यांच्या नाकाखाली २० मिलिमीटरच्या चार हिस्पानो तोफा असत. स्पिटफायरच्या पंखात आडवी बसवल्याने अडकलेल्या त्याच हिस्पानोची ही सुधारलेली पिढी. तीन दशकांत चुका दुरुस्त होत होत एक शस्त्र कसे घडत गेले, हे डोनेगल ते दाबोळी या प्रवासात दिसते. उघड्यावर उभ्या असलेल्या या विमानांवर समुद्राचा खारा वारा रात्रंदिवस आदळतो. क्लोराइडची जी गोष्ट समुद्राच्या तळाशी घडते, तीच येथे हवेतून, सावकाश घडत असते. म्हणून धुणे, वंगण आणि मेण यांचे वेळापत्रक अशा संग्रहालयात प्रदर्शनाइतकेच महत्त्वाचे ठरते.

डोनेगलच्या मशीनगनने पुन्हा गोळ्या झाडल्या, तो क्षण थरारक होता, यात शंका नाही. सत्तर वर्षांपूर्वी बर्मिंगहॅमच्या कामगारांनी घडवलेल्या वस्तूची ती दाद होती. पण त्या प्रयोगाला अर्थ होता तो वेगळ्या कारणाने. विमान कोणते, वैमानिक कोण, तो कुठे आणि का उतरला, हे सारे आधीच नक्की झालेले होते. नोंदी पूर्ण होत्या. आणि प्रयोगानंतर शस्त्रे कुणाच्या खासगी भिंतीवर न जाता लोकांसमोर आली. बहुतेक गंजलेल्या मशीनगनच्या वाट्याला एवढे भाग्य येत नाही. त्यांच्याजवळ सांगण्यासारखे उरलेले असते ते पोलादावरचे चार-सहा आकडे. ते आधी वाचावेत, लिहून ठेवावेत आणि मगच हात चालवावा, एवढे जरी प्रत्येक संग्राहकाने पाळले, तरी जुने शस्त्र जपण्याचे निम्मे काम झाले, असे म्हणता येईल.